अजून एक शब्द कशाला?

एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या विधानसभेत एका सुती कापडावरून वाद पेटला. कापड म्हणजे कुफिया. पांढऱ्या सुतावर काळ्या धाग्याचं विणकाम, मध्यभागी मासे धरायच्या जाळ्यासारखी नक्षी, त्याभोवती जाड पट्टे, कडेला ऑलिव्हच्या पानांसारखी वळणं, टोकांना गोंडे. पॅलेस्टाइनमधले शेतकरी ऊन आणि धूळ लागू नये म्हणून ती डोक्याला बांधत. १९३६ ते १९३९ या काळात तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठाव झाला, तेव्हा शहरातल्या लोकांनीही ती डोक्यावर घेतली आणि ती त्या समाजाची खूण झाली. हेब्रॉन शहरात १९६१ साली सुरू झालेल्या हिरबावी कारखान्यात ती आजही विणली जाते.

विधानसभेचे सभापती टेड आर्नॉट यांनी ठरवलं की हे वस्त्र म्हणजे राजकीय विधान आहे, ते इथे चालणार नाही. अपक्ष आमदार सारा जामा यांनी ते उतरवायला नकार दिला. त्यांना सभागृहातून बाहेर जायला सांगण्यात आलं, त्या जागेवरून हलल्या नाहीत. मुख्यमंत्री डग फोर्ड यांच्यासह सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी बंदी उठवा असं म्हटलं, तरी मोजक्या आमदारांच्या ‘नाही’मुळे बंदी उठवायला लागणारं एकमत होऊ शकलं नाही. मे महिन्यात सभापतींनी अर्धी माघार घेतली : इमारतीत कुफिया चालेल, सभागृहात नाही.

आता या बंदीला नाव काय द्यायचं? कुफिया मुसलमान घालतात, ख्रिस्तीही घालतात. तिला धर्माचा आधार नाही, त्यामुळे हा इस्लामद्वेष म्हणता येत नाही. कातडीच्या रंगाशीही तिचा संबंध नाही. एका विशिष्ट समाजाची खूण दिसली की ती धोक्याची वाटते आणि ती नजरेआड करावीशी वाटते, असा हा प्रकार आहे. यासाठी कॅनडात काही वर्षांपासून एक शब्द वापरात आहे, पॅलेस्टिनीविरोधी वंशद्वेष. तिथल्या अरब वकिलांच्या संघटनेने २०२२ मध्ये त्याची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. पॅलेस्टिनी लोकांना किंवा त्यांच्या कहाणीला गप्प करणं, वगळणं, पुसून टाकणं, ठरावीक साच्यात बसवणं, बदनाम करणं, त्यांना माणूस न मानणं, असा तिचा गाभा आहे. कुफियाच्या वादानंतर दोनेक महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, कॅनडातल्या सर्वांत मोठ्या शालेय मंडळाने, म्हणजे टोरोंटोच्या मंडळाने, द्वेष आणि वंशवाद यांविरुद्धच्या आपल्या आराखड्यात या प्रकाराचा समावेश करायचं ठरवलं. त्या सभेच्या वेळी बाहेर निदर्शनं झाली आणि आत कडाक्याचे वाद झाले. तेव्हापासून शाळांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये याचं प्रशिक्षण द्यावं की नाही, हा वाद थांबलेला नाही.

टोरोंटो आणि मिसिसॉगाकडच्या मराठी घरांतही हा विषय निघतो, आणि तिथे हमखास ऐकू येणारं वाक्य आहे : ‘अजून एक शब्द कशाला? वंशवाद वाईट आहे एवढं शिकवलं की पुरे.’ वाक्य सरळ आहे, बोलणाऱ्याच्या मनात बहुतेकदा वाकडं काही नसतं. तरीही ते चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे मराठी माणसाला तरी समजायला हवं.

आपल्याकडे नोकरीच्या ठिकाणी बायकांना काय सोसावं लागतं यासाठी वर्षानुवर्षं एकच शब्द होता, ‘छेडछाड’. कायद्यात विनयभंगाचं कलम होतं. म्हणजे ‘शब्द आहेत, कायदा आहे, अजून काय हवं’ असं म्हणायला पूर्ण वाव होता. राजस्थानातल्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, कारण सरकारी ‘साथिन’ म्हणून बालविवाह रोखायचं काम त्या करत होत्या. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ’ या गोष्टीला नाव दिलं, तिची लक्षणं लिहून दिली. तोवर साहेबाच्या केबिनमधून बाहेर आलेल्या बाईकडे सांगायला प्रसंग होता, पण तो कोणत्या रकान्यात लिहायचा हे तिला ठाऊक नव्हतं आणि तक्रार घेणाऱ्यालाही. नाव मिळालं तेव्हा रकाना मिळाला. २०१३ चा कायदा त्यानंतर सोळा वर्षांनी आला.

दुसरं उदाहरण तर टोरोंटोच्या त्याच मंडळाचं आहे. मार्च २०२३ मध्ये या मंडळाने शाळांमध्ये जातीवरून भेदभाव होतो हे मान्य करणारा ठराव केला. कॅनडातलं असं करणारं ते पहिलं शालेय मंडळ. त्याच्या काही दिवस आधी अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली होती, आणि तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. दोन्ही ठिकाणी विरोधकांचं एक म्हणणं काय होतं? वंशवादाविरुद्ध कायदे आहेत, वेगळा शब्द कशाला. कॅलिफोर्नियात असाच कायदा विधिमंडळाने मंजूर केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी तो नामंजूर करताना हेच कारण दिलं, की आहे त्या कायद्यांत हे येतंच. पण गोऱ्या शिक्षकासमोर दोन सावळी मुलं बसलेली असतात. त्यांतलं एक दुसऱ्याला आडनाव विचारतं, गावातला वाडा कोणता ते विचारतं, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा वेगळा खायला लागतं. शिक्षकाला यात वंशवाद दिसत नाही, कारण त्याच्या मते दोघं एकाच वंशाची. हे त्याला कुणीतरी नाव घेऊन शिकवावं लागतं. ज्या मराठी माणसांना तेव्हा हे पटलं, त्यांनी त्याच मंडळासमोर पॅलेस्टिनी मूल उभं राहिल्यावर ‘अजून एक शब्द कशाला’ असं विचारू नये.

आहेत त्या शब्दांत हे मूल मावत नाही. त्याच्यावरच्या हल्ल्याला सरसकट इस्लामद्वेष म्हणावं, तर जेनिनमध्ये मे २०२२ मध्ये गोळी लागून मेलेल्या पत्रकार शिरीन अबू अकले ख्रिस्ती होत्या. पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सैद जेरुसलेममधल्या ख्रिस्ती घरात जन्मले. बेथलेहेममधल्या ज्या चर्चमध्ये येशूच्या जन्माची जागा दाखवतात, त्याच्या आसपास राहणारी कितीतरी कुटुंबं पॅलेस्टिनी आहेत. अरबद्वेष म्हणावं, तर सीरियाच्या किंवा मोरोक्कोच्या मुलाला ‘तुझा देश मुळात नव्हताच’ असं कुणी सांगत नाही. पॅलेस्टिनी माणसाला हेच सांगितलं जातं. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी १९६९ मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्राच्या मुलाखतीत पॅलेस्टिनी असे लोकच नव्हते अशा अर्थाचं विधान केलं. मार्च २०२३ मध्ये त्या देशाचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच पॅरिसमध्ये तेच बोलले. मधली चोपन्न वर्षं गेली आणि वाक्य जागच्या जागी राहिलं. एखाद्या समाजाला वाईट म्हणणं हा एक द्वेष झाला. तो समाज अस्तित्वातच नाही असं म्हणणं हा वेगळ्या जातीचा द्वेष आहे, त्याला वेगळं नाव लागतं.

हे नाकारणं शाळेत कसं पोचतं ते पाहा. प्राथमिक वर्गात ‘माझं कुटुंब’ नावाचा प्रकल्प असतो. आजोबांचं गाव नकाशावर दाखवा, घरातली एखादी जुनी वस्तू घेऊन या. पॅलेस्टिनी घरातली जुनी वस्तू म्हणजे कित्येकदा दाराची लोखंडी किल्ली, किंवा आजीचा भरतकाम केलेला झगा. त्या भरतकामाला तत्रीझ म्हणतात, युनेस्कोने २०२१ मध्ये त्याची वारशाच्या यादीत नोंद केली. लाल रेशमी धाग्याच्या फुल्या-फुल्यांचं काम, छातीवर चौकोनी पट्टी, बाह्यांवर उभ्या ओळी. पूर्वी त्या नमुन्यावरून बाई कोणत्या गावची हे ओळखता येई, जसं आपल्याकडे नऊवारीच्या नेसण्यावरून आणि काठावरून म्हाताऱ्या बायका सांगत. मूल झगा घेऊन येतं, आणि गाव मात्र नकाशावर सापडत नाही. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी घराबाहेर फेकले गेले, चारशेहून जास्त गावं ओस पडली आणि त्यांतली बहुतेक नंतर जमीनदोस्त झाली. याला ते नकबा म्हणतात, म्हणजे अरिष्ट. आता शिक्षिकेने काय करायचं? तिला काहीच माहीत नसेल तर ती गोंधळते. ‘हा वादाचा विषय आहे, दुसरी वस्तू आण’ असं ती हळुवारपणे, मुलाला वाईट वाटू नये म्हणून सांगते. तिच्या मनात द्वेषाचा लवलेश नाही. पण मुलाला कळतं ते एवढंच, की आपली आजी वर्गात सांगण्यासारखी नाही. प्रशिक्षण हवंय ते या शिक्षिकेसाठी. कट्टर द्वेष्ट्यावर दोन तासांच्या वर्गाचा परिणाम होईल अशी माझीही समजूत नाही.

नोकरीचं चित्र आणखी उघडं आहे. टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या विधी विद्यालयातल्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅलेस्टाइनच्या समर्थनार्थ एका पत्रावर सह्या केल्या. ७ ऑक्टोबरला हमासने सुमारे बाराशे माणसं मारून अडीचशेच्या आसपास ओलीस नेले होते, त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. पत्राची भाषा जहाल होती आणि ज्यू सहाध्यायी दुखावले गेले हे अगदी खरं. पण पुढे जे झालं त्याचा भाषेशी संबंध उरला नाही. वकिली संस्थांनी पाठ फिरवली. प्रांताच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने त्या विद्यालयातल्या उमेदवारांकडे पत्रावर सही केली नव्हती याची खात्री मागितली. विद्यापीठाने नोव्हा स्कोशियाचे माजी मुख्य न्यायाधीश मायकेल मॅकडोनल्ड यांच्याकडून चौकशी करून घेतली. २०२४ मध्ये त्यांचा अहवाल आला : विद्यार्थ्यांनी आचारसंहितेचा भंग केलेला नाही, मत मांडायचा त्यांना अधिकार होता. निर्दोष ठरायला त्यांना सात महिने लागले. विधी शाखेच्या विद्यार्थ्याची उन्हाळी उमेदवारी तोवर हातची जाते, आणि पुढची नोकरी बहुधा त्या उमेदवारीतूनच मिळते.

‘शाळेत राजकारण नको’ हा दुसरा आक्षेप. यावर फार बोलण्याची गरज नाही. शाळेत राजकारण नको असेल तर शाळेने कोणत्याही मुलाच्या घरची गोष्ट वगळू नये, कारण वगळणं हीसुद्धा बाजूच असते. पॅलेस्टिनी मुलाला सन्मानाने वागवा असं शिकवल्याने कुणी हमासचं समर्थक होत नाही, जसं ज्यू मुलाला सन्मानाने वागवल्याने कुणी नेतान्याहूंचा मतदार होत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. ज्यू पालक म्हणतात, या व्याख्येमुळे आमच्या मुलांचं तोंड बंद होईल. त्यांची भीती हवेतली नाही. टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या मुलींच्या एका ज्यू शाळेवर २०२४ या एका वर्षात तीन वेळा गोळीबार झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये शहरातल्या काही शाळांची मुलं ग्रासी नॅरोज इथल्या आदिवासींच्या पारा-प्रदूषणाविरुद्धच्या मोर्चाला नेली होती. तिथे पॅलेस्टाइनच्या घोषणा झाल्या, ज्यू पालकांनी तक्रारी केल्या, शिक्षण मंत्रालयाने चौकशी लावली. प्रदूषण शिकायला आलेल्या मुलांना पालकांच्या संमतीविना दुसऱ्याच घोषणांत उभं करणं चूक होतं. शब्दाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे आधी मान्य करावं.

व्याख्येतही धोका आहे. वकिलांच्या त्या मांडणीत नकबा नाकारणं हाही या द्वेषाचा एक प्रकार म्हणून दिला आहे. सत्तेवर बसलेल्या माणसाने, अभ्यासक्रम ठरवणाऱ्याने नकबा नाकारला तर तो द्वेष आहे यात मला शंका नाही. पण वर्गात एखादी मुलगी सांगेल की आमचे पणजोबा बगदादचे ज्यू, १९५०-५१ मध्ये सगळं सोडून इस्रायलला आले, सव्वा लाखाच्या आसपास माणसं तशीच आली. घरात ऐकलं तेच ती सांगते आहे. तिच्यावर ‘वंशद्वेष्टी’ असा शिक्का मारला, तर आपण तेच केलं जे झगा घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत झालं होतं. दोन्ही आज्या वर्गात मावल्या पाहिजेत.

यावर उपाय आहे, आणि तो एका ज्यू माणसाच्या अनुभवातून शिकता येतो. केनेथ स्टर्न यांनी अमेरिकेत ज्यूद्वेषाची एक कामचलाऊ व्याख्या लिहिली, नोंदी ठेवायला आणि आकडेवारी गोळा करायला सोपं जावं म्हणून. होलोकॉस्ट-स्मृतीसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये ती उचलली. मग सरकारं आणि विद्यापीठं तिचा वापर शिक्षेसाठी करायला लागली, इस्रायलवरची टीका बंद पाडायला लागली. स्टर्न स्वतः तेव्हापासून सांगत आहेत की ही व्याख्या यासाठी नव्हती. ऑन्टॅरिओने ती २०२० मध्ये सरकारी पातळीवर स्वीकारली. तिचं स्वागत करणारी तीच मंडळी आज म्हणतात की व्याख्यांनी मुस्कटदाबी होते, म्हणून पॅलेस्टिनींना व्याख्या नको. मुस्कटदाबीची काळजी असेल तर ती दोन्ही बाबतींत करा. शब्द समजून घ्यायला वापरा, मुलांना शिक्षा करायला नको. शिक्षेसाठी छळ, धमकी, मारहाण, नोकरी नाकारणं हे आधीच नियमांत आहे. नव्या शब्दाचं काम एवढंच, की हे नियम पॅलेस्टिनी माणसालाही लागू आहेत हे मुख्याध्यापकाला आणि मनुष्यबळ विभागाला दिसावं.

ज्यू समाजाबद्दल बोलताना मराठी माणसाने आणखी एक गोष्ट विसरू नये. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडची, तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून ‘शनवार तेली’ म्हटली जाणारी बेने इस्रायली कुटुंबं इस्रायलला गेली, घरात मराठीच बोलत राहिली. १९६० नंतरच्या काळात तिथल्या मुख्य रब्बीपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशावळ तपासायचा आदेश काढला, कारण ते ‘खरे’ ज्यू आहेत का याची शंका होती. पिढ्यान्‌पिढ्या नेमाने शब्बाथ पाळलेल्या माणसांना पुरावा मागितला गेला. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांचं नाव घेऊन ठराव केला की ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. ‘सगळे ज्यू समान आहेत’ हे वाक्य आधीपासून होतंच. त्याने त्यांचं भागलं नव्हतं. ‘तू म्हणतोस तो तू नाहीस’ हे ऐकताना काय होतं ते कोकणातून गेलेल्या त्या ज्यूंना माहीत आहे, आणि पॅलेस्टिनी माणूस ते रोज ऐकतो.

राहिला प्रश्न प्रशिक्षणाचा. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सक्तीच्या विविधता-वर्गांचा उपयोग होत नाही, कधीकधी उलटाच परिणाम होतो. आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानंतर किती कचेऱ्यांत वर्षाला एक व्याख्यान, हजेरीपटावर सही आणि चहा एवढ्यावर काम उरकतं ते आपण पाहतो. त्या कायद्याचा खरा जोर अंतर्गत समितीत आहे, तक्रार कुठे द्यायची आणि किती दिवसांत निकाल लागायचा हे लिहून ठेवण्यात आहे. पॅलेस्टिनी समाजासाठीही तेच मागायला हवं. शिक्षकांना १९४८ चा इतिहास पॅलेस्टिनी आणि इस्रायली अशा दोन्ही इतिहासकारांकडून शिकवा. कुफिया घातलेल्या मुलीला वर्गाबाहेर काढायचा अधिकार कुणाला नाही, हे लिहून द्या. मुलाखतीत उमेदवाराला त्याच्या सह्या आणि मोर्चे विचारायचे नाहीत, हे लिहून द्या. आणि ज्यू मुलाला इस्रायलच्या कृत्यांचा जाब विचारायचा नाही, हे त्याच पानावर लिहा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोजवळच्या एका उपनगरात सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी-अमेरिकन मुलाला घरमालकाने सव्वीस वेळा भोसकलं. नोव्हेंबरमध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर रस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. दोघांच्या गळ्यात कुफिया होती. एकाला पुन्हा चालता आलं नाही. असे हल्ले करणाऱ्यांच्या हातातलं शस्त्र कोणतंही प्रशिक्षण काढून घेणार नाही. पण ज्या कापडावर विधानसभेत बंदी घालतात, त्या कापडाकडे रस्त्यावरचा माणूस कोणत्या नजरेने पाहील, याची जबाबदारी विधानसभेने घ्यायला हवी.

जून २०२५ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने आर्थिक कारणं देऊन टोरोंटोच्या शालेय मंडळावर प्रशासक नेमला. निवडून आलेल्या सदस्यांच्या हातात आता निर्णय नाहीत, आणि २०२४ मध्ये ठरलेल्या गोष्टीचं काय होणार हे प्रशासक ठरवील. तिथल्या मराठी पालकांनो, जातीचा ठराव झाला तेव्हा तुमच्यापैकी अनेकांना बरं वाटलं होतं. आता त्या प्रशासकाला पत्र लिहा. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या पॅलेस्टिनी मुलाचं नाव या धोरणातून गाळू नका, आणि ज्यू मुलाची सुरक्षितताही कमी करू नका, एवढं त्यात लिहा. तीन ओळींचं पत्र असलं तरी चालेल, पण खाली सही करा.